एका हाताने उघडणारा चाकू

मित्रांनो, मी एक जुना चाकू आहे. जुना म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, याने पुष्कळ काम केले असेल, धार लावून लावून याचे पाते झिजले असेल. तसे काही नाही. माझे पाते अजून चांगले रुंद आहे. मी म्हातारा झालो तो पडून राहून. आयुष्याचा एक तुकडा सरकारी गोदामात गेला आणि उरलेला या खणात चालला आहे. मधल्या काळात जे काही काम केले, ते हातून झाले नसते तर बरे झाले असते.

माझा जन्म एका लोहाराच्या भट्टीत झाला. ही भट्टी रस्त्याच्या अगदी टोकाला, ट्रक दुरुस्त करणाऱ्या गॅरेजला पाठ लावून होती. ट्रकच्या चाकांवर धक्के सोसणारा एक पोलादी पाटा असतो. तसा एक तुटका पाटा गॅरेजवाल्याने टाकून दिला होता. त्याचाच तुकडा म्हणजे मी. लोहार अंगाने चांगला आडवा होता, दारातून आत येताना त्याचे खांदे चौकटीला घासायचे. पण थोरल्या बहिणीने लहानपणी त्याला बारक्या म्हणायला सुरुवात केली, ते नाव काही सुटले नाही. ती लग्न होऊन सीमेपलीकडच्या देशात गेली, तरी फोनवर तो तिचा बारक्याच राहिला.

या बहिणीसाठीच त्याने मला घडवले. तिच्याबद्दल आधी सांगतो.

ती टोपल्या विणायची. लग्नानंतर ती पलीकडे पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात लागली आणि तिथल्या दाबयंत्राने तिचा डावा हात मनगटापासून नेला. कारखान्याने तिला घरी बसवले. पुढे नवराही गेला. पण हातावर हात ठेवून बसणे तिच्या स्वभावात नव्हते, आणि हे ती स्वतःच हसत सांगायची, की आता ते जमणारही नाही. तिने पुन्हा टोपल्या विणायला घेतल्या. टोपलीचे बूड गुडघ्यांत धरायचे, डाव्या कोपराने दाबायचे आणि उजव्या हाताने विणायचे. बेकऱ्यांना पावाच्या टोपल्या, धोब्यांना कपड्यांचे हारे. लागणारे फोक, म्हणजे लवचीक कोवळ्या फांद्या, ती गावाबाहेरच्या नदीकाठी बसने जाऊन स्वतः कापून आणायची.

एकदा भाऊ तिला भेटायला गेला, तर तिचा पुढचा दात अर्धा तुटलेला. आधी तिने थट्टेवारी नेले. मग त्याने फारच मागे लागून विचारले तेव्हा म्हणाली, "चाकू उघडायला दुसरा हात लागतो ना. माझा दुसरा हात म्हणजे आता दात."

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, मग घडीचा चाकू हवाच कशाला? साधी सुरी का न्यायची नाही? तर त्या देशात उघड्या पात्याची सुरी घेऊन रस्त्याने फिरणे हा गुन्हा होता. घडीचा चाकू मात्र खिशात चालायचा. म्हणून ती रोज दाताने चाकू उघडत होती.

भाऊ परत आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने मला भट्टीत घातले. तापवले, ठोकले, पाणी दिले, कानशीने घासले. माझ्या पात्याच्या पाठीला त्याने एक बारीक खुंटी बसवली. अंगठ्याने ती नुसती सरकवली की पाते बाहेर यायचे. आत एक लवचीक पट्टी बसवली. पाते पुरते उघडले की ती पट्टी त्याच्या आड यायची, म्हणजे काम करताना ते मिटून बोटांवर येणार नाही. मूठ त्याने आईच्या जुन्या खुर्चीच्या पायातून काढली. त्या खुर्चीवर चढायला दोघांनाही लहानपणी बंदी होती.

मला पारखून बघायला त्याने स्वतःचा डावा हात पाठीमागे टॉवेलने बांधून घेतला आणि दिवसभर तसाच वावरला. मला उघडले, मिटले, काठ्या कापल्या, खिशात टाकले, पुन्हा काढले. खुंटी नीट वाटेना म्हणून दोनदा बदलली. संध्याकाळी त्याची बायको ताट वाढून बसली तरी हात बांधलेलाच.

"अहो, आता जेवायलाही असेच बसणार का?" ती म्हणाली.

"बसतो की," तो म्हणाला. "ताई रोज बसते."

बायकोने उठून त्याच्या ताटातला पाव तोडून ठेवला.

मित्रांनो, मी तयार झालो तेव्हाइतके कौतुक माझे पुन्हा कधी झाले नाही. गॅरेजमधली माणसे येऊन मला अंगठ्याने उघडून बघून गेली. लोहाराला भट्टी बंद ठेवून जाणे जमण्यासारखे नव्हते, म्हणून त्याने मला पार्सलने पाठवायचे ठरवले. खोक्यावर आत काय आहे ते लिहावे लागते. बायको म्हणाली, नुसते 'चाकू' लिहा. पण तो खुशीत होता. त्याने ठळक अक्षरांत लिहिले, 'घडीचा चाकू. एका हाताने उघडतो.'

सीमेवरच्या कस्टमच्या कचेरीत मला अडवले ते याच ओळीमुळे.

तिथे एका सरकत्या पट्ट्यावरून पार्सले पुढे जात होती. माझ्यापुढच्या खोक्यात मांस कापायच्या सुऱ्या होत्या, एकेक चांगली हातभर लांब. त्यांच्यावर शिक्का बसला आणि त्या निघून गेल्या. माझे खोके मात्र बाजूला काढले गेले. तपासनीस साहेबांनी मला बाहेर काढले, अंगठ्याने खुंटी सरकवली, माझे पाते सपकन उघडले. लोहाराने महिनाभर जे साधले होते ते बघून त्यांनी मान हलवली. मला वाटले, आवडलो. त्यांनी माझ्या मुठीला एक चिठ्ठी बांधली आणि मला गोदामात पाठवले.

गोदामात माझ्या पेटीत कोणकोण होते म्हणून सांगू? बटण दाबताच उसळणारे खटक्याचे चाकू होते. पोटात तलवार लपवलेली हातातली काठी होती. दोन्ही बाजूंनी धार असलेला एक खंजीर होता, त्याच्या मुठीत खोटे लाल खडे. त्यांच्यातल्या कित्येकांना भांडणासाठीच जन्म मिळाला होता. त्यांच्यात मला बसवले तेव्हा मला फार वाईट वाटले. अधूनमधून एखादी पेटी उचलून न्यायचे. ती पेटी वितळवायला जाते, एवढे सगळ्यांना ठाऊक होते.

काही दिवसांनी मला पुन्हा वर नेले. तपासनीस साहेबांच्या टेबलासमोर ती उभी होती. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो, पण टोकाशी रिकाम्या बाहीवरून आणि तुटक्या दातावरून लगेच ओळखले. तिने मला बघितले आणि पहिल्यांदा मुठीकडे बोट केले. "ही आईची खुर्ची," ती साहेबांना म्हणाली, जणू तेवढ्याने सगळे मिटेल.

साहेब वाईट नव्हते, मित्रांनो. वाईट असते तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. त्यांनी तिला नियम समजावून सांगितला. एका हाताने झटकन उघडणारा आणि उघडल्यावर अडकून राहणारा चाकू कायद्याने हत्यार ठरतो. असे चाकू मारामारीत वापरतात. असा चाकू परदेशातून आणता येत नाही.

तिने डावी बाही वर केली. "साहेब, मला एकच हात आहे."

"ते दिसतंय मला," साहेब म्हणाले. "पण नियम चाकू बघतो, बाई. हात बघत नाही."

"मग हात बघणारं इथे कुणी आहे का?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी खरेच मदत केली. ते म्हणाले, धंद्यासाठी चाकूची गरज असेल तर खास परवान्याचा अर्ज करता येतो. त्याला डॉक्टरचा दाखला जोडा आणि तुम्ही टोपल्या विणता याचा पुरावा जोडा. जाताना त्यांनी तिला हळूच म्हटले, "माझ्या हातात असतं तर आत्ताच दिला असता." त्या वेळी मी त्यांच्या हातातच होतो.

पुढचे सगळे मला नंतर, तिच्या घरी तिच्या तोंडून कळले. टोपल्या विणणाऱ्यांची कुठली संघटना नव्हती, म्हणून बेकरीवाल्याने तिला पत्र लिहून दिले. हात नसल्याचा डॉक्टरांचा दाखला तिच्याकडे अपघाताच्या वेळचा होताच. तो घेऊन ती खिडकीवर गेली, तर तिथला कारकून म्हणाला, दाखला जुना चालत नाही, अलीकडचा हवा. म्हणजे हात अजूनही नाही, असे डॉक्टरांनी नव्याने लिहून द्यायचे. ती पुन्हा गेली. डॉक्टरांना हसू आले आणि मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी लिहून दिले.

या धावपळीत फोक कापायचा हंगाम आला. फोक ठरावीक दिवसांतच कापावे लागतात. उशीर झाला की ते ताठ होतात आणि वाकवताना मोडतात. जुना चाकू दाताने उघडता उघडता तिच्या दुसऱ्या दातालाही चीर गेली होती. शेवटी तिने स्वयंपाकघरातली भाजीची सुरी कापडात गुंडाळून पिशवीत टाकली आणि बस पकडली.

नेमके त्याच दिवशी पोलिसांनी बस थांबवून पिशव्या तपासल्या. तिच्या पिशवीत सुरी निघाली. तिला सगळ्यांसमोर खाली उतरवले. बेड्या घालायला गेले, तर एका मनगटाला बेडी अडकवून दुसरी अडकवायची कुठे ते पोलिसांना कळेना. बसमध्ये कुणीतरी हसले. तिला चौकीत बसवून ठेवले, दंड केला आणि सोडले. सुरी जप्त झाली.

दंड भरून ते प्रकरण संपले असे तिला वाटले होते. पण परवान्याच्या अर्जावर शेवटी एक प्रश्न होता. अर्जदारावर यापूर्वी चाकू-सुरीबाबत गुन्हा नोंदला आहे काय? तिने खरे लिहिले. अर्ज नामंजूर झाला.

मग भाऊ आला. भट्टीला कुलूप लावून, चांगला सदरा घालून तो कस्टमच्या कचेरीत उभा राहिला. सोबत बहीण होती. तपासनीस साहेबांनी दोघांसमोर मला ठेवले आणि उरलेले तीन मार्ग सांगितले. चाकू परत न्यावा, नाहीतर तो वितळवला जाईल. तिसरा मार्ग म्हणजे खुंटी आणि आतली पट्टी अधिकाऱ्यादेखत काढून टाकावी, मग तो साधा चाकू ठरेल आणि सोडता येईल.

"परत नेतो," भाऊ म्हणाला. "दुसरं काहीतरी करू."

"नको," बहीण म्हणाली. "एवढी वाट बघितली. आईची मूठ आहे. मला हवा आहे तो."

"ताई, मग त्याच्यात आणि तुझ्या जुन्या चाकूत फरक काय राहिला?"

"तू केलास एवढा फरक आहे की."

साहेबांनी शिपायाला कानस आणायला पाठवले. शिपायाने आणली ती बोथट होती. भावाने स्वतःच्या पिशवीतून स्वतःची काढली. तो कानस घेऊनच आला होता, म्हणजे असे काही होईल हे त्याला कुठेतरी ठाऊक होते. ज्या हातांनी त्याने माझी खुंटी दोनदा बदलून बसवली होती, त्याच हातांनी त्याने ती घासून सपाट केली. मग माझी मूठ उघडून आतली पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. साहेबांनी मला हातात घेतले, एका अंगठ्याने उघडून बघितले. मी उघडलो नाही. साहेबांनी शिक्का मारला आणि बजावले, की हे भाग पुन्हा बसवले तर तो गुन्हा होईल आणि बाईंच्या नावावर आधीच एक गुन्हा आहे.

मी इतक्या दिवसांनी गोदामातून सुटलो होतो. आनंद व्हायला हवा होता.

तिच्या घरी पोचल्यावर भावाने स्वयंपाकघराचे दार लावून घेतले. त्याच्या पिशवीत खुंटी आणि पट्टी करण्यापुरता पोलादाचा तुकडा होता. तो म्हणाला, घरातल्या घरात बसवून देतो, कोण बघायला येणार आहे? निदान पट्टी तरी बसवू दे, ती बाहेरून दिसतसुद्धा नाही. बहिणीने मान हलवली.

"कोण बघायला येणार म्हणतोस? बसमधून उतरवलं तेव्हा सगळी बस बघत होती. पुन्हा नको."

त्याने फार समजावले. ती ऐकेना. चोरी न करता चोरासारखी उभी राहिलेली माणसे पुढे फार जपून वागतात, मित्रांनो. तिच्या पाठीशी कायदा कधीच उभा राहिला नव्हता, पण तिने मात्र तो कसोशीने पाळला.

मग मी कामाला लागलो. ती मला दाताने उघडायची. माझ्या पात्यावर तिच्या तोंडाचा ओलावा यायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. तरी माझी धार चांगली होती. पातळ फोक मी एका झटक्यात कापायचो. ती म्हणायची, "बारक्याचा हात आहे याच्यात." तेवढेच काय ते सुख.

एके दिवशी नदीकाठी एक जाड फोक लागला. जाड फोक टोपलीच्या काठाला लागतात. तिने जोर केला, मी लाकडात अडकलो. सोडवायला तिने मूठ फिरवून ओढली. माझ्या पात्याच्या आड येणारी पट्टी आता नव्हती. मी मिटलो. मिटलो तो तिच्या बोटांवर.

तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर, मित्रांनो. तिला दुसरा हात नव्हता.

जखम बांधायलाही तिच्यापाशी हात नव्हता. तिने बोटे डोक्याच्या रुमालात खुपसली, रुमालाचे टोक दातात धरून ओढले आणि रस्त्यापर्यंत चालत गेली. बसवाल्याने तिला थेट दवाखान्याच्या दाराशी सोडले. तिथे टाके घातले. जखम भरली, पण आतल्या शिरा तुटल्या होत्या. पहिली दोन बोटे पुन्हा वाकली नाहीत. चमचा धरता येतो, दाराची कडी काढता येते. टोपली विणता येत नाही.

कळल्याबरोबर भाऊ आला. दोघे स्वयंपाकघरात टेबलाशी बसले. मी टेबलावर होतो. कुणीतरी नदीकाठावरून मला उचलून, धुऊन आणून ठेवले होते. दोघे बराच वेळ माझ्याकडे बघत होते, एकमेकांकडे नाही.

"मी म्हटलं होतं, पट्टी तरी बसवू दे," भाऊ म्हणाला.

"आणि खोक्यावर ते लिही असं मी म्हटलं होतं का? नुसतं चाकू लिहिलं असतंस तर कुणी ढुंकून बघितलं नसतं."

"खोटं लिहायचं?"

"कमी लिहायचं."

तो तांबडालाल झाला. "तू तरी सुरी घेऊन बसमध्ये चढलीस कशाला? परवाना मिळाला असता."

तिने टाके घातलेला हात टेबलाखाली घेतला. मग म्हणाली, "जा बारक्या. तुझी गाडी चुकेल."

त्याच्या गाडीला अजून खूप वेळ होता. तरी तो उठला. दारातून जाताना त्याचे खांदे आत ओढलेले होते, कुठेही घासले नाहीत.

त्यानंतर तो आला नाही. दुसऱ्या गावी राहणारी बहिणीची लेक परत आली आणि तिने घर सांभाळायला घेतले. तिने मला उचलून या खणात टाकले, चमच्यांच्या मागे. कधी डब्याचे झाकण अडकले तर मला काढतात आणि काम झाले की परत टाकतात. भावाने भट्टीत चाकू करणे बंद केले, दाराच्या बिजागऱ्या आणि फाटकांचे गज तेवढे करतो, असे लेक कुणाला तरी सांगत होती. फोन भिंतीशी आहे. बहीण त्याच्याजवळच्या स्टुलावर पुष्कळदा बसते. तो वाजत नाही आणि ती लावत नाही.

मित्रांनो, आपली कहाणी संपवताना आम्ही जुन्या वस्तू तुमच्याकडे काहीतरी मागतो. कुणी तेल मागतो, कुणी कोरडी जागा. मला दोन्ही नको. गंज चढला तरी माझे काही अडत नाही.

मागतो ते वेगळेच. मोठे झाल्यावर तुम्हाला कुठल्यातरी खिडकीवर, कुठल्यातरी टेबलासमोर अडवतील. तुमचे काही चुकलेले नसेल, आणि समोरच्या माणसाचेही कदाचित फारसे चुकलेले नसेल. राग मात्र येईल. तो तिथेच काढा. टेबल ऐकणार नाही, शिक्का ऐकणार नाही, तरी तिथेच काढा. घरी आणू नका. या घरात तो आला आणि ज्या दोघांनी काहीच केले नव्हते, त्यांच्या नावावर उतरवला गेला. परत पाठवायला गेलात तर तो कुणी घेत नाही.